तुम्ही व्हा पुढे

पावाच्या दुकानातली नवी मुलगी गल्ल्यावरून पुढे वाकली आणि लाडात म्हणाली, "आणि तुला काय देऊ गं?" मी, सत्तरीला टेकलेली बाई, लगेच सांगून मोकळी झाले, "एक लांब पाव, फार भाजलेला नको." दुकानात हशा पिकला. माझ्या मागे औषधवाल्याची बायको उभी होती आणि तिच्या काखेतून तिच्या पांढऱ्या कुत्रीचं तोंड बाहेर आलं होतं. मुलगी त्या कुत्रीशी बोलत होती. "अहो ब्वासोबाई, तुम्हाला मी तू कशी म्हणेन!" असं मला म्हणताना ती बिचारी कानापर्यंत लाल झाली. कुत्रीला बिस्किटाचा तुकडा मिळाला, मला पाव मिळाला, औषधवाल्याची बायको डोळे पुसत हसत राहिली. मीही हसले, हसण्यासारखंच होतं. पण बाहेर चौकात आले आणि चिनाराखालच्या बाकावर पाव मांडीवर घेऊन मी बसून राहिले. आयुष्यात दुसऱ्यांदा एक कुत्रं, एक मी आणि एक तू यांचा घोटाळा झाला होता. आज कुत्रीचं तू मी स्वतःला घेतलं. त्या पहिल्या वेळी कदाचित मी स्वतःचं तू कुत्र्याला देऊन टाकलं होतं. कदाचित. या एका कदाचितवर मी कितीतरी वर्षं काढली आहेत, आणि ज्याला विचारायचं तो माणूस गावात नव्हता.

मी तिथे बसलेली असतानाच नोएली आली. नोएली आमच्या जुन्या दगडांच्या मंडळाची, म्हणजे गावातल्या जुन्या वास्तू जपणाऱ्यांची, अध्यक्ष. ती सगळ्या जगाला तू म्हणते, बिशपलाही म्हणाली होती. "काय गं गिलेन, मांडीवर घेऊन बारसं करतेस का पावाचं?" ती धपकन शेजारी बसली आणि पावाचं टोक मोडून तोंडात टाकलं. "शनिवारी नव्या पाट्यांचं उद्घाटन. लक्षात आहे ना? नगराध्यक्षबाई फीत कापणार, मग सगळ्यांनी वाटेवरून एक फेरी मारायची, मग वाइन. आणि कोण येतंय सांगू? तुझा लानुआ."

"माझा कसला?"

"बरं बाई, तुमचा लानुआ. तुम्ही-तुम्हीवाला." ती स्वतःच्या विनोदावर खूष होऊन हसली. "मीच पत्र टाकलं. म्हटलं वाट त्याने आखली, पाट्या बदलतायत तर त्याला बोलवायला नको? येतो म्हणाला. तोंड का उतरलं तुझं?"

"पाव कच्चा आहे," मी म्हणाले.

ऑर्वेय गाव चीजच्या चाकासारखं वाटोळं आहे. जुन्या तटाने त्याला तसं करून ठेवलंय आणि तट पडला तरी गावाची सवय गेली नाही. लोक संध्याकाळी पाय मोकळे करायला निघतात तेही गोलच जातात, भांडून घराबाहेर पडलेला नवरासुद्धा गोल फिरून त्याच दारात येतो. मी जन्मले ती तटालगतच्या घरात, माझं सुया-दोरे-बटणांचं दुकान होतं ते चौकात, त्यामुळे आता पाहुणे ज्याला वारसा-वाट म्हणतात ती माझ्यासाठी पोस्टात जायची वाट होती. हातात कागद धरून, मान वर करून चालणाऱ्या त्या लोकांना मी बऱ्याचदा सांगते, खाली बघा, दगड निसटतात. पण ती वाट आखली गेली तेव्हा मी होते. मी आणि एमरी लानुआ. तो जमीनमोजणीच्या खात्यात होता, बदलीवर आमच्याकडे आला होता, मुख्य रस्त्यावर खाणावळीच्या वरच्या खोलीत राहायचा. कोपरांना ठिगळं लावलेला कोट, कानाशी पांढरं व्हायला लागलेले केस, चालताना किंचित डावीकडे कलणारा. कोटाचं बटण तुटलं म्हणून तो पहिल्यांदा दुकानात आला. मी तसंच बटण शोधायला खणामागून खण काढत होते आणि तो म्हणाला, "राहू द्या हो बाई, वेगळं लावलं तरी चालेल." मी म्हणाले, "तुम्हाला चालेल. कोटाला चालणार नाही." त्यावर तो असा हसला की मला पुढचे खणही उघडावेसे वाटले.

मंडळाने ठरवलं की गावाभोवती एक वाट आखायची, थांबे नेमायचे, प्रत्येक थांब्यावर पाटी लावायची. मोजणी येणारा म्हणून तो आणि गावातली सगळी भांडणं तोंडपाठ असलेली म्हणून मी, अशी आमची जोडी नोएलीने लावून दिली. हिवाळाभर आम्ही चाललो. तो मोजणीची साखळी टाकायचा, मी टोक धरायची. कातडी कमावणाऱ्यांची गल्ली, जुना दवाखाना, उत्तरेची वेस, छपराखालचा धुण्याचा हौद, पाद्रीबाबांच्या बागेची भिंत, आणि परत चौक. पाट्यांचा मजकूर आम्ही माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत शेगडीजवळ बसून लिहायचो. हौदाच्या पाटीवर मी लिहिलं, 'येथे बायका कपडे धूत आणि एकमेकींची लक्तरंही.' त्याने ते खोडलं. "बाई, ही सरकारी पाटी आहे." "मग सरकारला कळू दे की," मी म्हणाले. शेवटच्या पाटीसाठी त्याने एकच वाक्य लिहिलं, 'जिथून निघालात तिथेच पोहोचाल.' मी विचारलं, "ही काय धमकी आहे?" त्याने शेगडीत एक लाकूड सारलं आणि म्हणाला, "नाही. तुम्हाला धमकी वाटते का?" मला काय वाटत होतं ते मी सांगितलं नाही. मला वाटत होतं की ही वाट कधी आखून पुरी होऊ नये.

मंडळात सगळे सगळ्यांना तू म्हणत. पहिल्या बैठकीला तुम्ही, दुसऱ्या बैठकीला वाइनचा पेला आणि तू, असाच आमच्याकडे रिवाज आहे. फक्त आम्ही दोघं राहिलो. तो कुणालाच तू म्हणायचा नाही, लोकांना वाटायचं शिष्ट आहे. मी सगळ्यांना म्हणायची, त्याला सोडून. नोएली भर बैठकीत म्हणायची, "हे दोघं बघा, अजून तुम्ही-तुम्ही! कुठेतरी पाणी मुरतंय." सगळे हसायचे, तो कागद सारखे करायचा, मी चष्मा पुसायची. खरं सांगायचं तर त्या तुम्हीमध्ये मला ऊब होती. बाकीच्यांच्या तू-तूमध्ये आमचं तुम्ही निराळं ऐकू यायचं, घरातल्या घरात हळू आवाजात बोलल्यासारखं. पण रात्री अंथरुणात पडल्यावर मी वाक्यं करून बघायची. येतोस का. बस ना. तुझा कोट दे. पुटपुटताना माझे कान तापायचे. आणि सकाळी तो दुकानात आला की मी कसरत करायची, तूही नको, तुम्हीही नको. "बसायचं का?" "कॉफी घ्यायची ना?" "आज उत्तरेकडे जायचं ना?" कर्त्यावाचून बोलण्यात मी इतकी पटाईत झाले होते की व्याकरणाच्या मास्तरणीने मला वर्गाबाहेर काढलं असतं. त्याने काहीतरी म्हणावं, मग मी म्हणेन, असं मी धरून बसले होते.

ते म्हटलं गेलं की नाही हे कधी कळलं नाही, तो दिवस फेब्रुवारीतला होता. आदल्या आठवड्यात त्याची आई वारली होती, दूर कुठेतरी खेड्यात. तो जाऊन आला होता आणि येताना आईचा कुत्रा घेऊन आला होता, बाझील नावाचा, लांब कानांचा, म्हातारा. त्या कुत्र्याला मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आईबद्दल तो काहीच बोलला नाही, मी विचारलं नाही. अंतरं शेवटची पडताळायची होती म्हणून तो चौकातून डावीकडून निघाला, मी उजवीकडून, आणि हौदाशी भेटायचं ठरलं. भुरभुर पाऊस होता, जमिनीवर पडेपर्यंत त्याचा बर्फ होत होता. मी आधी पोहोचले. बायका जिथे गुडघे टेकून बसायच्या त्या काठाच्या दगडावर जाऊन बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. ती सुखाची वेळ होती. तो कुठल्या तरी कोपऱ्यावरून माझ्याकडे येतोय, एवढंच मला ठाऊक होतं आणि तेवढं पुरत होतं. आधी कुत्रा आला, धावत, आणि माझ्या शेजारी काठावर उभा राहून पाणी प्यायला लागला. मग लानुआ कमानीत दिसला. टोपीवरून पाणी गळत होतं. तो तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, "ये. थंडी वाजेल तुला."

त्यात रे नव्हतं की गं नव्हतं. एक गं लागलं असतं तर माझं आयुष्य वेगळ्या घरात गेलं असतं. मी वर पाहिलं. तो आमच्या दोघांच्या दिशेने पाहत होता, मी आणि कुत्रा इतके जवळ होतो की कुणाकडे ते कळेना. मी कुत्र्याकडे पाहिलं. तो भिजलेला होता, थरथरत होता. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या मनात काय आलं? की गिलेन, शहाणी असशील तर गप्प बस. कुत्र्याला दिलेला शब्द उचलून घेशील आणि जन्मभराचं हसं होईल तुझं. मी अगदी सहज, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून." त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली. "ठीक आहे, बाई," तो म्हणाला आणि वळून गेला. कुत्रा मात्र जागचा हलला नाही. मला तेव्हा वाटलं, काय बेअदब जनावर आहे, मालक बोलावतोय आणि हे ढिम्म. थोड्या वेळाने पलीकडच्या गल्लीतून शीळ ऐकू आली तेव्हा कुठे तो उठला आणि गेला.

वसंतात पाट्या लागल्या, आणि पाट्या लागल्या त्याच महिन्यात लानुआने बदली मागून घेतली. मागून घेतली, असं खाणावळवाली म्हणाली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी त्याच्या गालाला गाल लावले, माझ्याशी त्याने हात मिळवला. हात गार होता. दर नव्या वर्षाला मंडळाच्या नावाने त्याचं कार्ड यायचं, त्यात 'सर्वांना' असं असायचं, आणि त्या सर्वांत मी आपला वाटा शोधायची. मग कळलं त्याने लग्न केलं, मुलगी झाली. मीही काही हात बांधून बसले नव्हते. पियानो जुळवणारा एक जण होता, चांगला होता, भेटल्या भेटल्या तू म्हणाला, आणि ते तू त्याने खिशातली गोळी काढून द्यावी तसं दिलं. दोन वर्षांत आम्ही एकमेकांना कंटाळलो. नंतर मी कुणासाठी खण उघडले नाहीत. पण रोज पोस्टात जाताना, येताना, हौदाच्या कमानीशी आले की पाय आपोआप हळू व्हायचे. ये, थंडी वाजेल तुला. कधी ते मला म्हटलेलं असायचं आणि मी घरी येईपर्यंत जिंकलेली असायची. कधी ते कुत्र्याला असायचं आणि मग संध्याकाळी मी दिवा लावायचाही आळस करायची. कुत्र्याला असेल तर बरं, असंही कित्येकदा वाटायचं. कारण मला असेल, तर त्याने हात पुढे केला आणि मी त्यावर तुम्ही ठेवलं. आमच्यात तू म्हणणाऱ्याला तुम्ही म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. मग तो गेला यात त्याचं काय चुकलं?

शनिवारी मी निळा कोट घातला, काढला, परत घातला. चौकात सगळे जमले होते. तो गाडीतून उतरला तेव्हा आधी त्याची काठी बाहेर आली, मग एक तपकिरी कुत्रा, मग तो. केस सगळे पांढरे, कलणं तसंच, फक्त जास्त. गाडी त्याची मुलगी चालवत होती, ती खाली उतरलीच नाही, फोनवर होती. नोएली त्याच्या गळ्यात पडली, "अरे तू म्हातारा झालास की!" "आणि तुम्ही मुळीच नाही," तो म्हणाला. मग तो माझ्यासमोर आला. "ब्वासोबाई." "लानुआसाहेब." हात मिळवला. या वेळी माझा हात गार होता. आम्ही दोघंही एकमेकांच्या कोटाच्या बटणांकडे बघत होतो. त्याच्या कोटाची सगळी सारखी होती, बहुतेक बायकोने लावलेली असावीत. मला उगीच वाईट वाटलं.

नगराध्यक्षबाईंनी फीत कापली आणि सगळी वरात निघाली. नोएली थांब्याथांब्यावर बोलत होती आणि मी तिचं एक अक्षर ऐकत नव्हते. तो माझ्या शेजारून चालत होता, मुद्दाम की गल्ली अरुंद म्हणून, कोण जाणे. "तुमचं दुकान?" त्याने विचारलं. "बंद केलं. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात." "आणि ते खण?" त्याला खण आठवत होते. मला पुढचा दगड दिसेना. "खण मी घरी आणले," मी म्हणाले, "बटणांसकट." जुन्या दवाखान्याशी थोडं थांबून त्याने दम खाल्ला. म्हणाला, "बायको गेल्या वर्षी गेली. घर विकलं. आता आज रात्रीच मुलीबरोबर ब्रेस्टला, समुद्राकाठी. फार लांब आहे हो. परत यायचं म्हटलं तरी आता जमेलसं नाही." म्हणजे ही एकच फेरी होती. चौकातून निघालो होतो आणि चौकात पोहोचल्यावर ती गाडी होती. मी मनाशी म्हणाले, विचार. विचार बाई, आता तरी विचार. पण विचारायचं कसं? अहो, त्या दिवशी तुम्ही कुत्र्याशी बोललात का हो? इतक्या वर्षांनी असं विचारणाऱ्या बाईला माणूस डॉक्टरकडे नेईल. शिवाय त्याने 'कुठला दिवस?' म्हटलं असतं तर? मला ते सोसलं नसतं.

हौदाशी आलो. छप्पर नवीन केलंय, दगड तेच आहेत. नगराध्यक्षबाई नवी पाटी वाचून दाखवत होत्या, लोक कमानीत कोंडाळं करून उभे होते, आणि त्याचा तो तपकिरी कुत्रा सगळ्यांच्या पायांतून वाट काढत खाली उतरला आणि नेमका त्या काठाच्या दगडावर जाऊन पाणी प्यायला लागला.  लानुआ काठीवर रेलून पुढे झाला आणि अगदी शांत, मऊ आवाजात म्हणाला, "अहो फिलो, पुरे आता. वर या बघू. पाणी गार आहे, आजारी पडाल."

आणि कुत्रा निमूट वर आला.

लोक इतके हसले की नगराध्यक्षबाईंना वाचन थांबवावं लागलं. "कुत्र्याला अहो!" नोएली ओरडली. "अरे लानुआ, हे काय सोंग?"

"सोंग नाही," तो म्हणाला. तो थोडा लाजला होता. "आमच्या घरची रीत आहे. आई फार जुन्या वळणाची होती. पैसाअडका केव्हाच गेला होता, एवढंच उरलं होतं. आईवडील एकमेकांना तुम्ही म्हणत, आम्ही मुलं त्यांना तुम्ही, ते आम्हाला तुम्ही. कुत्र्यांनाही. आईचा बाझील तर तू म्हटलं की ऐकायचाच नाही, त्याला वाटायचं दुसऱ्या कुणाशी बोलताय."

"मग बायकोला रे?"

"बायकोलाही तुम्हीच. तिला सवय झाली होती."

"मग तू म्हणायला ठेवलंस तरी कुणाला? देवाला?"

"प्रार्थनेत, हो," तो म्हणाला आणि काठीच्या टोकाने एक पान बाजूला सारायला लागला. "आणखी एकदा प्रयत्न केला होता. जमलं नाही."

सगळे पुन्हा हसले. मी हसले की नाही मला माहीत नाही. मला तो दुसरा कुत्रा दिसत होता, लांब कानांचा, भिजलेला, काठावर ढिम्म उभा राहिलेला. त्याला कळलं होतं. त्या मुक्या जनावराला कळलं होतं की हे आपल्याला नाही, म्हणून तो हलला नाही, आणि मी दोन पायांची, शिकलेली, सगळ्या गावाची भांडणं तोंडपाठ असलेली, मी त्याला बेअदब म्हणाले. आईला मातीत ठेवून आलेला एक माणूस, ज्याने जन्मात कुणाला तो शब्द दिला नव्हता, तो पावसात उभा राहून मला म्हणत होता, ये. आणि मी म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. मला रडू आलं. रडण्याहून जास्त राग आला, त्याच्यावर, त्याच्या आईवर, एवढा मोठा शब्द एवढ्या हळू उच्चारतात का कुठे? आणि त्या रागाच्याही खाली एक इतकं मोठं सुख होतं की मला कमानीचा खांब धरावा लागला. इतकी वर्षं ते माझंच होतं.

हौदापासून चौक फार लांब नाही. पाद्रीबाबांच्या बागेची भिंत, एक वळण, मग चिनार दिसतात. तो शेजारून चालत होता.  माझ्या तोंडात तो शब्द तयार होता आणि मी प्रत्येक पावलाला म्हणत होते, आता, आता. भिंत संपली. "दमायला झालं का?" मी विचारलं. पुन्हा तीच कसरत! कर्ता गिळून टाकलेलं वाक्य! माझा मलाच संताप आला. "थोडंसं," तो म्हणाला. "तुम्ही हळू चाललात माझ्यासाठी, त्याबद्दल आभार." वळणावर शेवटची नवी पाटी होती. मजकूर जुनाच ठेवलाय. तो थांबला, चष्मा वर केला आणि आपलं वाक्य वाचलं. जिथून निघालात तिथेच पोहोचाल. "अजून धमकी वाटते?" त्याने विचारलं. म्हणजे शेगडीही त्याला आठवत होती. मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. आणि तोवर चौक आला होता.

टेबलावर वाइनचे पेले आणि चीज घालून भाजलेले गरम गोळे मांडले होते. लोक तिकडे धावले. गाडीचा भोंगा वाजला. काचेतून मुलीने मनगटावर बोट आपटून दाखवलं. "निघायला हवं," तो म्हणाला. "मध्यरात्रीच्या आत पोहोचायचंय तिला." त्याने टोपी काढली. "येतो, ब्वासोबाई. बरं झालं भेटलात." आणि तो वळला. कुत्रा त्याच्या पुढे, काठी मधे, तो मागे. चिनारांची पानं सगळीकडे पडलेली, दगड ओले, आणि तो तसाच डावीकडे कलत चाललेला. टेबलापाशी नोएली कुणाला तरी ओरडून बोलावत होती. गाडीचं मागचं दार मुलीने आतून उघडलं. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. पुन्हा मीच मागे उभी आणि तो पुढे.

"सांभाळून!" मी ओरडले. माझा आवाज असा फाटका निघाला की टेबलापाशी दोघांनी वळून पाहिलं. "दगड ओलेत. पडशील."

कुत्रा थांबला. तोही थांबला. तो सावकाश मागे वळला, त्याने कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कुत्र्याकडे. ते पाहणं मला चांगलं ठाऊक आहे. ते घेऊन घरी गेलेला माणूस त्यावर कितीतरी वर्षं काढू शकतो. त्याने ती काढू नयेत म्हणून मी चार पावलं पुढे गेले, सगळ्या चौकादेखत, आणि म्हणाले, "कुत्र्याला नाही रे. तुला म्हणतेय."

भोंगा परत वाजला. त्याने तिकडे पाहिलं नाही. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

त्या 'म्हण'ला पुढे काना लागेल म्हणून मी थांबले. लागला नाही.